घरांतील लाकडी सामानाची निगा

संसारांतील निर्जीव वस्तूंपैकीं माणसाची सर्वांत दीर्घकाळ सोबत करणारी वस्तु म्हणजे लाकूड होय. भांडें झिजतें, वस्त्र विरतें, भिंतीचा गिलावा पडतो. परंतु आजोबांच्या लग्नांत केलेला पलंग नातसुनेच्या उपयोगीं पडतो, आणि ज्या पाळण्यांत बाप निजला त्याच पाळण्यांत मुलाचें बारसें होतें. असें असूनहि सुशिक्षित घरांतून या सामानाची जी निगा राखली जाते तींत दोन टोकें दृष्टीस पडतात. कांहीं घरीं वर्षानुवर्षें कोणी त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. कांहीं घरीं दर दिवाळीस पाणी, सोडा, तेल व रंग यांचा त्यावर असा मारा होतो कीं, उपेक्षेनें पन्नास वर्षांत जें झालें नसतें तें उत्साहानें पांच वर्षांत होतें. या दोहोंमधील मार्ग कोणता, हें आमच्या नगर जिल्ह्याच्या हवेस धरून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर असें झालें, त्या आमच्या जिल्ह्यांत शहराच्या जुन्या गल्ल्यांतून आणि तालुक्यांच्या गांवांतून चौसोपी वाडे उतरविले जात आहेत. वाटण्या होतात, वाड्याच्या जागीं सदनिका उभ्या राहतात, आणि नव्या घरांत पाऊल पडण्यापूर्वींच पलंग, संदूक, फडताळाचीं दारें, झोपाळ्याची फळी हें सारें जुन्या बाजाराच्या गाडीवर चढतें. कारणें विचारावीं तर तीं ठरलेलीं असतात : 'हलतें', 'काळें पडलें', 'किडीनें खाल्लें'. यांपैकीं पहिलीं दोन बहुतेक वेळां जाणत्या सुताराच्या एकदोन दिवसांच्या कामानें दूर होणारीं असतात. तिसरेंहि वेळींच ओळखल्यास आटोक्यांत येतें. उलट, एकदां गेलेली वस्तु पुन्हा मिळविणें कठीण. सागाचें झाड तोडण्याजोगें होण्यास साधारणतः ५० ते ८० वर्षें लागतात. आणि शिसवाच्या वर्गांतील झाडें जगांत इतकीं विरळ झालीं आहेत कीं, २०१७ च्या आरंभापासून त्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आहेत. ज्याच्या घरीं शिसवी पलंग आहे त्यानें तो मोडींत काढण्यापूर्वीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें.

लाकूड स्वभावतःच अल्पायुषी आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें लोणावळ्याजवळील कार्ल्याचें चैत्यगृह पाहावें. तेथील दगडी छताला आंतून लाविलेल्या लाकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें जागच्या जागीं आहेत. त्यांस कोणीं दरवर्षीं रोगण लाविलें नाहीं, कीं साबणानें धुतलें नाहीं. परंतु ऊन नाहीं, पावसाचा मारा नाहीं, जमिनीचा स्पर्श नाहीं आणि हवा खेळती, अशा ठिकाणीं त्या आहेत. आमच्या जिल्ह्यांतहि पारनेर तालुक्यांतील पळशी येथें होळकरांचे दिवाण पळशीकर यांच्या वाड्यांतील लाकडी कोरीव काम आज पाहावयास मिळतें. सारांश, लाकडास टिकविणारी वस्तु बाटलींत मिळत नाहीं. तें ज्या परिस्थितींत ठेविलें जातें तींत ती असते.

हें समजण्यासाठीं लाकडाचा स्वभाव थोडा जाणला पाहिजे. झाड तुटलें तरी लाकडाचें हवेशीं असलेलें देणें-घेणें थांबत नाहीं. हवा दमट झाली कीं तें ओल शोषून फुगतें, हवा कोरडी झाली कीं ओल टाकून आकसतें. आणि हा क्रम शंभर वर्षांच्या जुन्या लाकडांतहि चालू असतो. यांत एक विशेष असा कीं, फळी लांबींत जवळजवळ मुळींच कमीजास्त होत नाहीं. जें कांहीं होतें तें रुंदींत. म्हणूनच जुन्या सुतारांनीं कपाटाच्या दारांतील फळी चौकटीला चिकटवून टाकिली नाहीं. चौकटीच्या खांचेंत ती मोकळी बसविली, कीं तिला फुगावयास व आकसावयास जागा राहावी. हें न जाणतां एखादा उत्साही रंगारी त्या खांचेंत लांबी भरतो, आणि पुढील उन्हाळ्यांत फळी मधोमध तडकते. दोष मात्र लाकडास मिळतो.

आतां आमच्या जिल्ह्याची हवा पाहा. पश्चिमेकडील अकोलें तालुक्याचा डोंगराळ भाग वगळल्यास हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. वर्षाचें पाऊसमान सरासरीनें पांचशें ते सहाशें मिलिमीटर. तेंहि चार महिन्यांत. चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो व हवा अगदीं कोरडी असते. पुढें दोन महिन्यांतच तीच हवा दमट होते. लाकडास कोरडेपणा सोसतो, बेताचा दमटपणाहि सोसतो. एकांतून दुसऱ्यांत होणारी ही उडी मात्र त्यास जाचते. बैलगाडीचें चाक उन्हाळ्यांत खिळखिळें होतें व शेतकरी तें पाण्यांत भिजवून घट्ट करतो, हें खेड्यांत राहिलेल्या सर्वांस ठाऊक आहे. घरांतील खुर्चीचा पाय वैशाखांत हलूं लागतो तो याच कारणानें.

कोणी म्हणेल, मग खुर्चीहि भिजवावी. तसें करूं नये. चाकाला बाहेरून लोखंडी धांव असते; खुर्चीला ती नाहीं. भोकांत बसलेली कूस पाण्यानें फुगते, परंतु तिला पसरावयास जागा नसल्यामुळें तिचे तंतु आंतल्या आंत चेपले जातात. आणि पुन्हा वाळल्यावर ती पहिल्यापेक्षां बारीक होते. ढेकणांच्या त्रासामुळें पलंगाच्या सांध्यांत कढत पाणी ओतण्याची जी जुनी चाल आहे, तिनें ढेकूण कांहीं मरतात हें खरें. परंतु पलंग डगमगूं लागण्याचें एक मोठें कारणहि तीच आहे. पलंग मोकळा करून फटी कोरड्या ब्रशानें झाडाव्या, सांध्यांवर गरम वाफ बेतानें द्यावी, आणि गाद्या मात्र कडक उन्हांत टाकाव्या, हें अधिक बरें.

या दृष्टीनें वर्षाचे तीन भाग पाडून काम नेमून घ्यावें. उन्हाळ्यांत खिडकींतून सरळ ऊन येत असेल तेथून सामान हलवावें किंवा पडदा लावावा. उन्हानें नुसता रंगच उडत नाहीं, वरचा लेपहि ठिसूळ होतो. अलीकडे घरोघर पाण्याचे कूलर आले आहेत. त्यांचा ओला झोत कपाटावर किंवा देव्हाऱ्यावर सरळ येऊं देऊं नये. दिवसा कूलर व रात्रीं कोरडी हवा या क्रमांत लाकडास रोज पावसाळा व रोज उन्हाळा भोगावा लागतो. पावसाळ्यांत सर्व कपाटें भिंतीपासून चार बोटें पुढें ओढावीं, म्हणजे मागून वारा फिरेल. ओल धरणाऱ्या भिंतीस टेकलेल्या कपाटाची पाठ प्रथम कुजते, व ती कोणी पाहत नाहीं. लाकडांतील ओलाव्याचें प्रमाण शेंकडा २० च्या वर कायम राहिलें म्हणजे बुरशी कुजविण्याचें काम करूं लागते. तें खालीं राहिलें तर करूं शकत नाहीं. आषाढांत दार किंवा खण फुगून घट्ट झाला म्हणजे लगेच सुतारास बोलावून रंधा मारण्याची घाई करूं नये. कार्तिकांत त्याच ठिकाणीं बोटभर फट पडेल. मेणबत्तीचा किंवा कोरड्या साबणाचा तुकडा घासला कीं बहुधा तेवढ्यावर भागतें. पाऊस सरला व हवा स्थिर झाली, म्हणजे दसऱ्यापासून पुढें, दुरुस्तीचा व पॉलिशाचा काळ समजावा. भर पावसाळ्यांत लाखेचें पॉलिश केलें तर त्यावर पांढुरकी झांक येते.

रोजच्या स्वच्छतेंत मुख्य नियम एकच : पाण्याचा वापर कमींत कमी. मऊ, जुन्या सुती कापडानें धूळ टिपून घ्यावी. ती चोळूं नये, कारण धुळींतील बारीक कण पॉलिशावर ओरखडे काढतात. मळ साचला असेल तर पिळून काढलेल्या ओलसर फडक्यानें पुसून लगेच कोरड्यानें पुसावें. सोडा किंवा कडक साबण लाखेच्या पॉलिशास खातो. स्पिरिट तर तें विरघळवितें. २०२० च्या साथीपासून हातांस लावावयाचें मद्यार्कयुक्त द्रव घरोघर आलें, आणि तें टेबलावर सांडून पडलेले डाग आजहि पुष्कळ ठिकाणीं दिसतात. फरशी पुसतांना पलंगाचे व कपाटाचे पाय रोज भिजतात. पाण्याच्या घागरी ठेवण्याच्या घडवंचीची तर गोष्टच नको. अशा पायांखालीं दगडाची चीप किंवा रबराची टोपी बसवावी. गरम पेल्यानें पडलेलें पांढरें वर्तुळ चारसहा दिवस तसेंच राहूं द्यावें. पुष्कळदां तें आपोआप फिकें होतें. न झाल्यास वस्त्रगाळ राख व तेलाचा थेंब बोटावर घेऊन हलक्या हातानें फिरवावा.

चकाकी आणण्यासाठीं खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल चोळण्याची रीत फार आहे. पहिल्या दिवशीं लाकूड खुलतें खरें, परंतु हीं तेलें वाळत नाहींत; तीं चिकट राहून धूळ धरतात, आणि कांहीं वर्षांनीं त्या वस्तूवर काळपट थर बसतो. 'काळें पडलें' म्हणून जें सामान विकलें जातें, त्यांतील पुष्कळ केवळ या थरामुळें काळें झालेलें असतें. टर्पेंटाइनमध्यें भिजविलेल्या फडक्यानें तो थर उतरवून पाहिल्यावर खालचें शिसव किंवा साग पूर्ववत् निघतो. जवसाचें तेल मात्र हवेंत वाळणारें आहे. उघड्या लाकडावर तें अगदीं पातळ लावून जास्तीचें पुसून घेतल्यास चालतें. परंतु येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. जवसाच्या तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकलीं तर तीं आपल्या आपण तापून पेट घेऊं शकतात. तीं मोकळ्या हवेंत पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवून ठेवावीं. लाकडाच्या घरांत आगीचें भय केवढें असतें, हें पुण्याच्या शनिवारवाड्यानें शिकविलें आहे; १८२८ सालीं तो जळाला तेव्हां लाकडी इमले गेले, दगडी जोतें व तट तेवढे राहिले. देव्हाऱ्यांतील समई व निरांजन यांची ज्योत मागील फळीपासून हातभर दूर असावी, हेंहि येथेंच सांगतों.

पॉलिश केलेल्या सामानास मेण हें सर्वांत सौम्य. मधमाशांचें मेण एक भाग घेऊन तें पाण्याच्या भांड्यांत ठेविलेल्या दुसऱ्या भांड्यांत वितळवावें, चुलीवरून खालीं उतरवून दूर न्यावें, व मग त्यांत तीन भाग टर्पेंटाइन घालून ढवळावें. विस्तवाजवळ टर्पेंटाइन कदापि आणूं नये. थंड झालेलें मलम प्रथम न दिसणाऱ्या जागीं लावून पाहावें, मग थोडें थोडें घेऊन लाकडाच्या रेषेच्या दिशेनें चोळावें, व अर्ध्या तासानें कोरड्या फडक्यानें घोटावें. वर्षांतून एकदां एवढें पुरे.

किडीविषयीं दोन शत्रू ओळखून ठेवावे. वाळवी जमिनींतून येते व मातीची नळी करून चढते. म्हणून भिंतीवर किंवा पायावर मातीची रेघ दिसतांच तिचा माग काढावा. दुसरा भुंगा, याचीं बारीक वाटोळीं छिद्रें व खालीं पडलेली पिठासारखी भुकटी ही त्याची खूण. जुनीं छिद्रें दिसलीं म्हणून घाबरूं नये. खालीं काळा कागद पसरून पंधरा दिवस पाहावें. नवी भुकटी पडली तरच कीड जिवंत आहे, आणि तेव्हां जाणत्या माणसाकडून औषध सुईनें छिद्रांत घालवून घ्यावें. हा किडा झाडाच्या बाहेरील पांढऱ्या लाकडावर जगतो, कारण त्यांत पिठूळ अंश असतो. सागाचा आंतला पक्का गाभा त्यास रुचत नाहीं. बाभळीचें लाकूड वापरण्यापूर्वीं कित्येक महिने पाण्यांत बुडवून ठेवण्याची खेड्यांतील रीत याच अंशाचा नाश करण्यासाठीं आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांतील आपल्या बृहत्संहितेंत शय्यासनाचें स्वतंत्र प्रकरण लिहिलें असून पलंगास योग्य म्हणून जीं लाकडें सांगितलीं त्यांत शाक म्हणजे साग, शिंशपा आणि काश्मरी म्हणजे शिवण हीं आहेत; विजेनें किंवा वाऱ्यानें पडलेलें व आपोआप वाळलेलें झाड त्यानें वर्ज्य केलें आहे. तेथें शुभाशुभाची भाषा आहे हें खरें. परंतु पडून वाळलेल्या झाडांत कीड आधीं शिरते, हा सुताराचा अनुभव त्या भाषेखालीं दडला असावा असें आम्हांस वाटतें.

दुरुस्तीच्या बाबतींत खिळा हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. खिळ्यानें सांधा त्या दिवशीं घट्ट होतो, पण लाकडास हालचाल करूं देत नसल्यामुळें पुढें तें चिरतें. शिवाय ओलसर जागीं लोखंड व लाकडांतील तुरट रस यांच्या संयोगानें काळे डाग पडतात. जुने सांधे सरसानें जोडलेले असतात. उष्णता व ओलसरपणा यांनीं सरस सुटतो, व सांधा मोकळा करून पुन्हा जोडतां येतो, हा त्याचा मोठा गुण. जुना सरस पूर्ण खरवडून काढल्याखेरीज त्यावर नवा पांढरा गोंद लावूं नये. तो धरत नाहीं. कूस बारीक झाली असेल तर तिच्या बाजूस त्याच लाकडाची पातळ चीप लावावी किंवा टोकांत पाचर ठोकावी. सुतारास काम सांगतांना 'खिळा न मारतां करा' एवढे चार शब्द स्पष्ट सांगावे व तो करीत असतां घरांतील एखाद्या मुलास जवळ बसवावें.

पाळण्याविषयीं माता-भगिनींस विशेष सांगावयाचें आहे. जुन्या पाळण्यावर, पांगुळगाड्यावर व लहान पाटांवर रंगाचे थरावर थर असतात. पूर्वींच्या तैलरंगांत शिसें पुष्कळ असे. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागें ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला व २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलांत आला. त्यापूर्वींचा रंग घरांत आहे असें समजूनच वागावें. दांत येणारें मूल पाळण्याचा कठडा चावतें, आणि शिसें लहान मुलाच्या मेंदूस अपाय करतें. म्हणून सोललेला रंग असलेला पाळणा तसाच वापरूं नये. आणि तो घरांत कोरडा घासून साफ करण्याचेंहि धाडस करूं नये, कारण ती धूळ अधिक वाईट. घराबाहेर, मुलें व गर्भवती स्त्रिया दूर असतांना, ओला ठेवून, तोंडास योग्य मुखपट्टी बांधून जाणत्याकडून रंग उतरवून घ्यावा, व खालीं निघालेल्या लाकडास नुसतें मेण लावावें. बारशास रंगाहून झुरमुळ्या व फुलें अधिक शोभतात.

एक अडचण उरते, व ती लाकडाची नसून आपली आहे. एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें तें कोणाचेंच नसतें. स्वयंपाकघरांतील काठवट व पोळपाट यांकडे सासू-सुना पाहतात, म्हणून तीं टिकतात. माजघरांतला संदूक, दिवाणखान्यांतील कपाट, माडीवरील पलंग यांचा कोणी वाली नसतो. पुढें वाटणीची वेळ आली म्हणजे प्रत्येकास वाटतें कीं ही अडगळ दुसऱ्यानें न्यावी, आणि शेवटीं ती बाजारांत जाते. यावर आम्हांस सुचणारा उपाय साधा आहे. घरांतील मोठ्या लाकडी वस्तूंची एक वही करावी. वस्तु कोणती, लाकूड कोणतें, कोणाच्या वेळीं केली, शेवटची दुरुस्ती कधीं व कोणीं केली, हें तींत लिहावें. आणि प्रत्येक वस्तूपुढें घरांतील एका माणसाचें नांव घालावें. बारा-चौदा वर्षांचीं मुलें हें काम आनंदानें करतात. वडीलधाऱ्यांस विचारून माहिती लिहितांना त्यांस घराचा इतिहास कळतो, तो निराळाच लाभ. वडील मंडळी हयात असतांनाच कोणती वस्तु पुढें कोणाकडे जावी हेंहि त्यांनीं आपल्या हातानें तेथें लिहून ठेवावें. सदनिकेंत पलंग मावत नसेल तर तो भावांपैकीं ज्याच्याकडे मावेल त्याच्याकडे जावा, पण घरांत राहावा.

यंदाच्या दसऱ्यास हत्यारांची पूजा झाल्यावर ही वही उघडावी. त्या दिवशीं सगळें काम करावयाचें नाहीं. प्रत्येक वस्तु भिंतीपासून ओढून तिची पाठ व पाय पाहावे, सांधे हलवून पाहावे, खालीं भुकटी आहे काय तें पाहावें, व दिसेल तें लिहून ठेवावें. दिवाळीपूर्वीं कोणत्या वस्तूस सुतार हवा, कोणतीस मेण हवें, आणि कोणतीस नुसतें कोरडें फडकें पुरे, हें त्यावरून कळेल. बहुतेक वस्तूंपुढें शेवटचीच नोंद पडेल, असा आमचा अंदाज आहे.